डावा कान

इचलकरंजीत आमच्या गल्लीला तिन्ही बाजूंनी यंत्रमागाचे कारखाने होते. दिवसरात्र खटाखट चालू. पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांचा डोळा लागायचा नाही, आणि आम्हा मुलांना जाग यायची ती वीज गेल्यावर. आवाज थांबला म्हणून जाग. बाबांनी त्या आवाजात एकतीस वर्षं काढली, एका वेळी चार माग सांभाळत. शेडमधला आवाज १०० डेसिबलच्या घरात असतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की बाबा कानात सुताचा बोळा घालून पाळीला जातात, आणि घरी आल्यावर त्यांच्याशी समोर जाऊन, तोंड दिसेल असं बोलायचं.

त्यांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज गेले. स, श, त, फ. आई म्हणायची ‘साखर संपली’, त्यांना ऐकू यायचं ‘आखर अंपली’, आणि तिच्या ओठांकडे बघून ते उरलेलं जुळवायचे. पन्नाशी आली तोवर अर्धं बोलणं ते डोळ्यांनीच ऐकत होते.

हे आधी सांगायचं कारण असं, की इथे टेक्सासमध्ये गेल्या दोनेक वर्षांत ओळखीतले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: रायफलसाठी सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा आवाज कमी करणारा डबा, घ्यायचाय, पैसे वसूल होतील असा कोणता? मी लेथवर काम करणारा माणूस, धातूचं मला थोडंफार कळतं, म्हणून विचारत असतील. पण मी उत्तराची सुरुवात धातूपासून करत नाही, कानापासून करतो. ऐकणाऱ्याला ते लांबण लावल्यासारखं वाटतं. तरी करतो.

सॅन अँटोनिओच्या पूर्वेला आम्ही थोडी जमीन घेतली. त्यावर पेकानची, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याची, जुनी झाडं आहेत. पहिल्याच हिवाळ्यात रानडुकरांनी झाडाखालची जमीन नांगर फिरवल्यासारखी उकरून ठेवली. आमच्या कोल्हापूरकडे उसात डुकरं शिरली की शेतकरी रात्र-रात्र फटाके वाजवत जागतात, ते मी पाहिलेलं. इथलं डुक्कर मूळचं इथलं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांपासून हा वंश सुरू झाला, आणि आज एकट्या टेक्सासात त्यांची संख्या २५ लाखांच्या वर असावी असा अंदाज आहे. खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. शेजारच्या वयस्क शेतकऱ्याने मला रायफल धरायला शिकवलं. त्यांच्या डाव्या कानात ऐकण्याचं यंत्र होतं. डाव्याच का, हे तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. प्लायवूडच्या बंदिस्त मचाणात मी बसलो होतो, .३०८ ची (०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची), दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची बोल्ट रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवून. कानावरचे मफ गळ्यात होते, कारण डुकरांची चाहूल ऐकायची होती. कळप आला, मी घाईने नेम धरला आणि मफ चढवायचे राहून गेले. एकच गोळी. नळीचं तोंड खिडकीच्या जेमतेम बाहेर, त्यामुळे अर्धा आवाज मचाणातच फिरला. डाव्या कानावर कुणीतरी सपकन थापड मारावी तसं झालं, आणि मग एक बारीक शिट्टी सुरू झाली. कुकर होण्याआधी वाफ निसटते ना, तशी. ती अजून थांबलेली नाही. आत्ता हे लिहितानाही वाजते आहे.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला. उजव्या कानाची रेघ बरीचशी सरळ होती. डाव्याची रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात जाऊन पुन्हा वर आली होती. त्यांनी तिथे पेन टेकवलं आणि सांगितलं, उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. शेजाऱ्यांच्या यंत्राचा उलगडा तिथे झाला. मला मात्र तो खड्डा ओळखीचा वाटला. कोल्हापुरात बाबांच्या तपासणीला मी सोबत गेलो होतो, तेव्हा त्यांच्या कागदावर दोन्ही कानांच्या रेघा त्याच भागात कोसळलेल्या पाहिल्या होत्या. त्यांच्या पुढे पार दरीत गेलेल्या, माझी नुकती घसरायला लागलेली. आतल्या कानात पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी माणसाच्या कानात परत उगवत नाही.

गोळी सुटताना दोन आवाज होतात, आणि सप्रेसर घेणाऱ्याने ते वेगळे ओळखायला हवेत. पहिला नळीच्या तोंडाशी: जळालेल्या दारूचा प्रचंड दाबाचा वायू एकदम मोकळ्या हवेत उसळतो, त्याचा धमाका. दुसरा गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, .३०८ ची गोळी ८०० मीटरच्या पुढे. ती हवा फाडत जाते आणि तिच्यामागे चाबकासारखा तडाखा वाजत जातो. सप्रेसर फक्त पहिल्या आवाजावर काम करतो. आतल्या पडद्यांनी वायूला अडवून, फिरवून, थंड करून हळूहळू बाहेर सोडतो. दुसऱ्या आवाजाला तो हातही लावू शकत नाही. त्यामुळे सिनेमात दिसते तशी फुस्स करून सुटणारी गोळी विसरून जायची. .३०८ चा उघडा आवाज १६५ ते १७० डेसिबलच्या दरम्यान असतो, चांगला सप्रेसर त्यातले तीसेक कमी करतो. तीस हा आकडा लहान दिसतो. पण डेसिबलचं गणित दहापटीचं आहे: दर दहाला ऊर्जा दहा पट. तीस डेसिबल म्हणजे हजारावा हिस्सा उरला.

या वस्तूचा पहिला यशस्वी नमुना हायरम पर्सी मॅक्सिम यांचा. अमेरिकी पेटंट १९०९ चं. त्यांचे वडील सर हायरम मॅक्सिम म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. आपल्याच तोफाबंदुकांच्या आवाजात राहून उतारवयात त्यांची श्रवणशक्ती जवळपास गेली होती. मुलाने मोटारींच्या आवाजावर उपाय शोधला आणि बंदुकीच्याही. आपण मोटरसायकलच्या ज्या नळकांड्याला सायलेन्सर म्हणतो, त्याचं आणि या डब्याचं तत्त्व एकच आहे. ज्याच्या बापाचे कान असे गेले त्या मुलाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला बराच वेळ पुढे वाचता आलं नव्हतं.

मग १९३४ चा कायदा आला. मशीनगनच्या रांगेतच अमेरिकेने सायलेन्सरला बसवलं आणि दर खरेदीवर २०० डॉलर कर लावला. आजच्या पैशात ते चार हजारांच्या वर जातात. पुढची नव्वद वर्षं तो आकडा हलला नाही. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज, केंद्र सरकारची मंजुरी, अनुक्रमांकासह नोंद. बेचाळीस राज्यांत सामान्य माणसाला तो बाळगता येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय अशा आठ राज्यांत नाही, त्यामुळे तिथल्या मराठी मित्रांनी या वाटेला जाऊच नये. भारतात तर तो प्रतिबंधित वस्तूंमध्येच मोडतो. मी अर्ज केला २०२४ मध्ये. त्याआधी मंजुरीला आठ-आठ, दहा-दहा महिने लागत. माझी आठवड्याच्या आत आली. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा तो कर शून्य झाला आहे. नोंदणी आणि मंजुरी मात्र तशीच.

या बदलाने ‘पैसे वसूल’चा हिशेबच फिरला, आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षात आलेलं नाही. तीनशेचा डबा घ्या नाहीतर बाराशेचा, कर दोनशेच होता. त्यामुळे स्वस्त डबा घेणं मूर्खपणाचं ठरे, आणि सगळे सल्ला देत: एकच .३० कॅलिबरचा घ्या आणि सगळ्या रायफलींवर फिरवा. लहान गोळी मोठ्या भोकातून सुखरूप जाते, आवाज थोडा जास्त येतो एवढंच. तो सल्ला अजूनही वाईट नाही, मी स्वतः .३० चाच घेतला. पण आज कुणी फक्त .२२ वर सराव करत असेल, तर त्याने .२२ साठीचा वेगळा, हलका, दोन-तीनशे डॉलरचा डबा बिनधास्त घ्यावा. फक्त तो उघडून साफ करता येतो ना ते बघावं, कारण .२२ च्या गोळीचं शिसं आणि काजळी आत थरावर थर चढते. मोठ्या रायफलीच्या डब्यात दाब आणि उष्णता एवढी असते की बरीचशी घाण आपोआप उडून जाते, म्हणून ते कायमचे वेल्ड केलेले असले तरी चालतात.

दुकानात मला पहिल्यांदा दाखवला गेला तो टायटॅनियमचा, अकराशे डॉलरचा. हातात घेतला तर चारशे ग्रॅमही नसेल. सुंदर वस्तू, वेल्डची रेघ मण्यांच्या माळेसारखी. विक्रेत्याने वजनाबद्दल बरंच सांगितलं. पण मी मचाणात बसणार. रायफल चौकटीवर टेकलेली. डोंगर चढून दिवसभर हरणामागे फिरणाऱ्याला शंभर-दोनशे ग्रॅमची किंमत असते, त्याने टायटॅनियमच घ्यावं. मला त्या हलकेपणाचा काहीच उपयोग नव्हता. शिवाय भराभर गोळ्या झाडून टायटॅनियम फार तापवलं तर त्याच्या ठिणग्या उडतात आणि आतला पडदा झिजतो. मी घेतला तो १७-४ जातीच्या स्टेनलेस पोलादाचा, वायूचा पहिला मारा झेलणारा पडदा इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचा. वजनाला अर्धा किलो, किंमत पाचशेच्या जरा वर. या भावात आज चांगलं काम करणारे आहेत. यांकी हिल मशीन हे त्यांतलं जुनं नाव. त्यांचा कारखाना मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे जिथल्या रहिवाशाला स्वतःसाठी सप्रेसर घेता येत नाही अशा राज्यात.

डब्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. मोजमापाच्या जुन्या लष्करी पद्धतीत माइक नळीच्या तोंडापासून एक मीटर डावीकडे असतो. तुमचा कान तिथे नसतो. ऑटोमॅटिक लोडिंगच्या रायफलीत तर तोंडाशी कमी झालेला दाब उलटा फिरून बोल्टमधून तुमच्या गालाशी येतो, धुरासकट; तिथे वायू पुढेच जाऊ देणारी रचना पाहावी लागते. माझी बोल्ट रायफल, मला ती चिंता नव्हती. आकडे बघायचेच तर कानापाशी स्वतंत्रपणे मोजलेले बघा. आणि १४० डेसिबलच्या खाली आला की ‘कानाला सुरक्षित’ असं लिहितात, त्याने फसू नका. १४० ही अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांतली एकाएकी होणाऱ्या आवाजाची वरची मर्यादा आहे. दाराशी उभं राहणं आणि घरात सुखरूप असणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे. मी डबा लावूनही मफ घालतो. गळ्यात नाही, कानावर.

किमतीत न दिसणारे खर्च आणखी आहेत. पट्कन लागणारा-निघणारा जोड हवा असेल तर प्रत्येक रायफलीला शंभरेक डॉलरचा वेगळा तुकडा लागतो. मी सरळ आट्यांवर फिरवून बसवायचा घेतला, पण मागचा जोड पुढेमागे बदलता येईल अशा प्रमाण मापाचा. नळीला आटे नसतील तर ते पाडून घ्यावे लागतात. माझं सगळं जिथे अडलं ते इथेच.

.३०८ साठी रूढ माप म्हणजे पाच-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. एका कारागिराकडे नळी दिली, आठवड्याने परत आणली. आटे दिसायला स्वच्छ होते, गेज सहज फिरलं. पण डब्याच्या पुढच्या टोकाचं भोक गोळीपेक्षा व्यासाला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठं असतं. आटे नळीच्या भोकाशी समकेंद्री नसतील तर गोळी आतल्या पडद्याला घासते. डबा तर जातोच, पुढे उभ्या असलेल्याचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून घासून तंतोतंत सरळ केलेली पोलादी सळई मिळते. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, डबा चढवलेला. सळई मागून आत सरकवत नेली आणि टॉर्च धरून समोरच्या भोकात पाहिलं. ती मधोमध यायला हवी होती, चंद्राभोवती खळं दिसतं तशी चारी बाजूंनी सारखी फट ठेवून. खालच्या अंगाला ती जवळजवळ टेकली होती. वरच्या बाजूला चंद्रकोर.

मी पुन्हा पाहिलं. डबा सैल करून, साफ करून, परत बसवून पाहिलं. तेच. आटे संपतात तिथल्या ज्या पायरीवर डबा येऊन टेकतो ती नळीशी काटकोनात नव्हती. केसाएवढी चूक, पण पुढे वीस सेंटिमीटरवर ती एवढी होते. तीस-बत्तीस डॉलरची ती सळई नसती तर पहिल्याच गोळीला सगळं संपलं असतं. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा आटे पाडून घेतले, अर्धा इंच नळी कापून. जास्तीचे दीडशे गेले. सप्रेसर कितीचा घ्यायचा हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, सळईचे पैसे आधी बाजूला काढ.

गेल्या नोव्हेंबरात आईबाबा इकडे आले होते. बाबा आता शहात्तरचे. दोन्ही कानांत यंत्रं, तीही गर्दीत काढून ठेवतात. त्यांना डबा बघायचा होता. इथल्या कायद्याने सप्रेसर हेच एक शस्त्र धरलं जातं, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाच्या हातात ते सहसा देता येत नाही. म्हणून टेबलावर फडकं अंथरून मी तो ठेवला आणि शेजारी उभा राहिलो. बाबांनी हात पाठीमागे बांधले, वाकले, आणि धोट्याचं टोक तपासावं तसे एका डोळ्याने त्याच्या भोकातून पाहू लागले. बराच वेळ.

‘‘आत पडदं हायत व्हय?’’

‘‘होय, बाबा. सात.’’

मी बोटांनीही सात दाखवले, कारण ‘सात’ त्यांना आता ऐकू येत नाही.

‘‘किती वर्सं टिकंल?’’

‘‘तुमच्या नातवाला पुरेल.’’

ते सरळ झाले. मग म्हणाले, ‘‘असलं कायतरी मागाला बसवायला पायजे हुतं.’’

दुपारी दुर्बिणीचा नेम तपासायचा होता. डबा चढला-उतरला की गोळी थोडी सरकते, म्हणून ज्या स्थितीत वापरायची त्याच स्थितीत नेम बांधावा लागतो. बाबा मागे ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मी त्यांच्यासाठी मफ घेऊन गेलो. त्यांनी यंत्रं काढून खिशात टाकली आणि मफ मात्र हाताने बाजूला सारले.

‘‘आता काय राखायचं ऱ्हायलंय?’’

मी काही बोललो नाही. खाली बसलो, मफ उघडले आणि त्यांच्या कानांवर नीट बसवले, डावीकडचे केस आत अडकले होते ते सोडवून. त्यांनी बसवू दिले.

तीन गोळ्या झाडल्या. थड्ड, आणि पुढे शेताच्या कडेला गोळीचा तडाखा. तिन्ही भोकं कागदावर रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ. रायफल रिकामी केली, तापलेला डबा निवायला ठेवला. ओसरीवर आलो तेव्हा बाबांनी यंत्रं परत घातली होती आणि मान तिरकी करून पेकानच्या झाडांकडे बघत होते.

‘‘कुणाचा माग लागला रं?’’

मी थांबून ऐकलं. माझ्या डाव्या कानातल्या शिट्टीच्या पलीकडे, तिसऱ्या झाडाच्या वाळक्या फांदीवर सुतारपक्षी टोचा मारत होता. मी बोटाने दाखवला. बाबा उठले, काठीवर हात ठेवून, आणि तो उडून जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.